तिबेटचे फोटो: प्रवाशाची आठवण आणि धम्माचा पुरावा

तिबेट किंवा चीनमधील बौद्ध स्थळे पाहून आलेल्या कोणाचेही फोटो पाहा, साधारण तीच दृश्ये दिसतात. ल्हासाचा पोताला राजवाडा, यामद्रोक सरोवराचे निळे पाणी, वाऱ्यावर फडफडणाऱ्या रंगीत पताका, तुन्हुआंगच्या वाळवंटातील लेणी आणि हातात माळ घेतलेली एखादी सुरकुतलेली आजी. फोटो सुंदर असतात. आपण लाइक करतो, पुढे पाठवतो आणि विसरतो. त्या आजीचे नाव काय, तिच्यामागचा विहार कोणत्या परंपरेचा, तो जुना आहे की पाडल्यानंतर पुन्हा बांधलेला, हे फोटोखाली कुठेच नसते.

प्रवासाची आठवण म्हणून असे फोटो काढण्यात काहीच वावगे नाही. पण तिबेटच्या बाबतीत गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत एक वेगळीच गोष्ट घडली. प्रवाशांनी आठवण किंवा अभ्यास म्हणून काढलेले फोटो काही वर्षांतच पुरावा बनले, कारण फोटोतला विहार, मूर्ती किंवा भित्तिचित्र नंतर जागेवर राहिलेच नाही. काही फोटोंमुळे हरवलेले ग्रंथ परत मिळाले, तर काही फोटोंनी तिबेटबद्दल खोटे चित्र तयार केले. कोणता फोटो कामाला येतो आणि कोणता फक्त शोभेचा राहतो, हे बौद्ध तरुणांनी आणि कार्यकर्त्यांनी समजून घ्यायला हवे. आपल्याही हातात कॅमेरा आहे, आणि जतन करण्यासारखे आपल्याकडेही बरेच आहे.

कॅमेरा आला तो बंदुकीबरोबर

मध्य तिबेटचे बरेचसे सुरुवातीचे फोटो ब्रिटिश अधिकाऱ्यांनी काढलेले आहेत. १९०३ च्या अखेरीस कर्नल यंगहजबंड याच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश भारताचे सैन्य तिबेटमध्ये घुसले. ३१ मार्च १९०४ रोजी गुरू या ठिकाणी जुन्या बंदुका आणि तलवारी घेतलेल्या तिबेटी लोकांवर मशीनगन चालवली गेली. काही मिनिटांत शेकडो तिबेटी मारले गेले. याच मोहिमेबरोबर सिक्कीममधील ब्रिटिश पोलिटिकल ऑफिसर जॉन क्लॉड व्हाइट होता. त्याच्याजवळ काचेच्या प्लेटचा मोठा कॅमेरा होता. त्याने काढलेले ल्हासाचे, विहारांचे आणि डोंगरदऱ्यांचे फोटो अतिशय देखणे आहेत. पण फक्त तेच पाहिले, तर कॅमेरा तिथे कोणाबरोबर पोहोचला हे कळत नाही.

पुढे चार्ल्स बेल, स्पेन्सर चॅपमन, ह्यू रिचर्डसन अशा अधिकाऱ्यांनीही पुष्कळ फोटो काढले. १९२० ते १९५० या काळातील असे सहा हजारांहून अधिक फोटो ऑक्सफर्डचे पिट रिव्हर्स म्युझियम आणि ब्रिटिश म्युझियम यांच्या संग्रहांतून एकत्र करून इंटरनेटवर ठेवले आहेत. त्यातील व्यक्ती, ठिकाणे आणि तारखा शक्य तेवढ्या शोधून नोंदवल्या आहेत. काढणाऱ्याचा हेतू साम्राज्याचे काम हा होता. तरीही नोंद नीट असल्यामुळे आज तिबेटी लोकांना स्वतःचे जुने शहर, जुने सण आणि आजी-आजोबांचे चेहरे त्यात सापडतात. पहिला धडा हा, की फोटोचे मोल काढणाऱ्याच्या हेतूपेक्षा त्यासोबतच्या नोंदीवर जास्त अवलंबून असते.

शांग्रिला नावाचा पडदा

१९३३ मध्ये जेम्स हिल्टन या इंग्रज लेखकाची ‘लॉस्ट होरायझन’ ही कादंबरी आली. हिमालयापलीकडे शांग्रिला नावाची एक दरी आहे, तिथे माणसे म्हातारी होत नाहीत आणि जगाची दुःखे पोहोचत नाहीत, अशी ही काल्पनिक कथा. १९३७ मध्ये तिच्यावर चित्रपटही निघाला. तेव्हापासून पाश्चात्त्य प्रवासी तिबेटमध्ये शांग्रिला शोधू लागले. बर्फाच्छादित शिखर, ध्यानस्थ लामा आणि हसरे गरीब मूल अशी फोटोंची एक ठरावीक पद्धतच पडली. २००१ मध्ये चीनने युन्नान प्रांतातील झोंगदियान या तिबेटी वस्तीच्या भागाचे नाव अधिकृतपणे बदलून शांग्रिला ठेवले. कादंबरीतले नाव नकाशावर आले, कारण पर्यटक तेच शोधत येतात.

या पडद्यामागे काय झाकले जाते? एक तर जुन्या तिबेटमधील विषमता झाकली जाते. जमिनी सरदार घराणी, मोठे विहार आणि शासन यांच्या ताब्यात होत्या. शेतकरी कुटुंबे त्या जमिनींशी बांधलेली होती. ल्हासात रग्याबपा नावाचा एक समूह होता. प्रेतांची विल्हेवाट लावणे हे त्यांचे वंशपरंपरागत काम. त्यांची वस्ती वेगळी असे आणि जनावरांच्या शिंगांनी रचलेल्या त्यांच्या घरांचे वर्णन अनेक प्रवाशांनी केले आहे. लोहारांनाही हलके मानत. जन्मावरून माणसाची किंमत ठरवणे म्हणजे काय, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. बुद्धाचा देश म्हटला की तिथे सगळे समान असतीलच, असे आपणही गृहीत धरू नये. सरदारांच्या सोहळ्याचा जुना फोटो पाहताना कडेला ओझे घेऊन उभा असलेला माणूसही पाहावा.

दुसरे म्हणजे, याच विषमतेचा उपयोग चिनी राजवटीने प्रचारासाठी केला. आम्ही गुलामांना मुक्त केले, हे दाखवण्यासाठी फोटो, चित्रपट आणि पुतळ्यांची प्रदर्शने उभी केली. अन्याय खरा होता. पण तो दाखवून त्यानंतर झालेला विध्वंस योग्य ठरत नाही. दहाव्या पंचेन लामांनी १९६२ मध्ये पंतप्रधान चौ एन लाय यांना दिलेल्या निवेदनात लिहिले, की तिबेटमध्ये आधी अडीच हजारांहून अधिक विहार होते, त्यांपैकी सुमारे सत्तरच उरले आहेत. म्हणजे १९६६ मध्ये सांस्कृतिक क्रांती सुरू होण्याआधीच बहुतेक विहार संपले होते. या निवेदनाची किंमत पंचेन लामांनी अनेक वर्षांच्या कैदेने मोजली. एका बाजूला स्वर्गाचे चित्र आणि दुसऱ्या बाजूला नरकाचे. या दोन्ही चित्रांत खरा तिबेटी माणूस दिसत नाही.

राहुल सांकृत्यायन: पोथीचे पान आणि कॅमेरा

आता भारतातून गेलेल्या एका प्रवाशाकडे वळू. राहुल सांकृत्यायन १९२९ मध्ये वेश बदलून नेपाळमार्गे ल्हासाला पोहोचले. त्यानंतर १९३४, १९३६ आणि १९३८ अशा आणखी तीन वेळा ते तिबेटमध्ये गेले. ते शोधत होते ताडपत्रावरील संस्कृत बौद्ध ग्रंथ.

हे ग्रंथ तिबेटमध्ये कसे? सातव्या शतकापासून पुढे अनेक शतके भारतातील पंडित तिबेटमध्ये जात होते आणि तिबेटी अनुवादक भारतात येऊन नालंदा, विक्रमशीला येथे शिकत होते. येताना-जाताना पोथ्याही जात. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला विक्रमशीला उद्ध्वस्त झाली आणि शाक्यश्रीभद्रांसारखे आचार्य तिबेटमध्ये पोहोचले. भारतात विहार गेले, ग्रंथालये गेली, पोथ्या नष्ट झाल्या. तिबेटच्या थंड, कोरड्या हवेत मात्र ताडपत्रे टिकली. साक्य, ङोर आणि शालू या विहारांत ती बांधून ठेवलेली होती. पूजा होत होती, पण वाचणारे फारसे उरले नव्हते.

विहारांनी या पोथ्या देऊन टाकाव्यात ही अपेक्षा चुकीची होती. म्हणून राहुलजींनी फोटोचा मार्ग धरला. फळीवर ताडपत्रे शेजारी शेजारी लावायची आणि फोटो काढायचे. जिथे फोटो जमला नाही, तिथे हाताने उतरवून घ्यायचे. या कामात तिबेटी विद्वान गेंदुन छोफेल यांची त्यांना मोठी साथ मिळाली. १९३८ च्या प्रवासात फणी मुखर्जी हे छायाचित्रकार आणि कंवल कृष्ण हे चित्रकारही बरोबर होते. कोणत्या विहारात कोणती पोथी, किती पाने, कोणती लिपी, याच्या याद्या राहुलजींनी बिहारमधील संशोधन संस्थेच्या नियतकालिकात छापल्या. निगेटिव्ह पाटण्याला ठेवल्या.

या फोटोंनी काय साधले याचे एक उदाहरण पुरेसे आहे. आचार्य वसुबंधूंचा ‘अभिधर्मकोश’ हा बौद्ध तत्त्वज्ञानाचा पायाभूत ग्रंथ. त्याचे चिनी आणि तिबेटी अनुवाद उपलब्ध होते, पण भाष्यासह मूळ संस्कृत ग्रंथ हरवला होता. विसाव्या शतकात झालेला त्याचा प्रसिद्ध फ्रेंच अनुवादही मुख्यतः चिनी आणि तिबेटी आधारावर करावा लागला. राहुलजींना मूळ ग्रंथ ङोर विहारात मिळाला. त्या फोटोंवरून पुण्याचे प्राध्यापक वा. वि. गोखले यांनी मूळ कारिका संपादित केल्या आणि १९४६ मध्ये त्या मुंबईतील रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापून आल्या. पुढच्याच वर्षी गोखल्यांनी आचार्य असंग यांच्या ‘अभिधर्मसमुच्चया’चे उपलब्ध भाग प्रसिद्ध केले. प्रल्हाद प्रधान यांनी संपादित केलेले कोशाचे संपूर्ण भाष्य १९६७ मध्ये पाटण्याहून निघाले. बिहारमधून गेलेला ग्रंथ फोटोच्या रूपाने तिबेटहून बिहारला परतला, आणि त्या वाटेत पुणे-मुंबईचाही वाटा आहे.

हे फोटो निर्दोष नाहीत. काही धूसर आहेत. काहींमध्ये पाने फळीवर टाचण्यासाठी लावलेल्या पिनांच्या डोक्यांखाली अक्षरे झाकली गेली आहेत. त्या जागी काय असावे, हे संपादकांना चिनी-तिबेटी अनुवादांवरून ठरवावे लागले. राहुलजींजवळ पैसा कमी होता, वेळ कमी होता आणि फिल्मही मोजकी होती. तरीही हे फोटो नसते तर अभ्यास कित्येक दशके अडला असता. तिबेटमधील अनेक ताडपत्रे पुढे बीजिंगला हलवली गेली, नंतर ल्हासाला परतली, आणि आजही ती सगळ्या संशोधकांना सहज पाहायला मिळत नाहीत. फोटो सुंदर नसला तरी चालतो, तो वाचता आला पाहिजे, हा दुसरा धडा.

मुंबईच्या ली गोतमी आणि त्सापारंगच्या भिंती

आपल्याकडे फारशी चर्चा न झालेले एक नाव म्हणजे ली गोतमी. १९०६ मध्ये मुंबईतील पेटिट या पारशी घराण्यात त्यांचा जन्म झाला. मूळ नाव रत्ती. त्या शांतिनिकेतनमध्ये चित्रकला शिकल्या आणि पुढे बौद्ध मार्गाकडे वळल्या. १९४७ मध्ये त्यांनी जर्मन वंशाचे बौद्ध अभ्यासक लामा अनागारिक गोविंद यांच्याशी विवाह केला. १९४८-४९ मध्ये हे दोघे पश्चिम तिबेटमधील गुगे राज्याच्या जुन्या राजधानीला, त्सापारंगला पोहोचले. ‘इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया’ या साप्ताहिकाने त्यांच्या मोहिमेला मदत केली होती.

गुगे म्हणजे तिबेटमध्ये धम्म दुसऱ्यांदा रुजला तो प्रदेश. दहाव्या-अकराव्या शतकात रिंचेन झांगपो या अनुवादकाने इथे विहार उभारले आणि संस्कृत ग्रंथ तिबेटीत आणले. विक्रमशीलेचे आचार्य अतिश दीपंकर १०४२ च्या सुमारास याच भागातील थोलिंग विहारात आले. सतराव्या शतकात गुगे राज्य पडले आणि त्सापारंग ओस झाले. उरले ते डोंगरावरचे भग्न किल्ले आणि भित्तिचित्रांनी भरलेली मंदिरे.

ली गोतमी यांनी तिथे काही महिने राहून भित्तिचित्रांचे फोटो काढले आणि चित्रांच्या रेषा कागदावर जशाच्या तशा उतरवून घेतल्या. थंडी एवढी, की कुंचल्यावरची शाई गोठत असे. सोबत जे दिसेल ते कॅमेऱ्यात टिपले: वाटेतली गावे, याकवाले, व्यापारी, भिक्खू, स्त्रियांचे दागिने. पुढे सांस्कृतिक क्रांतीत त्सापारंगच्या मोठ्या मूर्ती फोडल्या गेल्या. भिंतींवरची पुष्कळ चित्रे वाचली, पण ज्या मूर्तींसमोर ती काढली होती त्या गेल्या. १९७९ मध्ये ली गोतमी यांचे ‘तिबेट इन पिक्चर्स’ हे दोन खंडांचे पुस्तक आले, तेव्हा त्यातील अनेक फोटो नाहीशा झालेल्या गोष्टींचे होते. त्सापारंगच्या चित्रांच्या त्यांनी उतरवलेल्या प्रती मुंबईच्या संग्रहालयाकडे आल्या, जे आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणून ओळखले जाते. मुंबईच्या एका बाईने सत्तरहून अधिक वर्षांपूर्वी केलेले हे काम आपल्या तरुणींना ठाऊक असायला हवे.

तुन्हुआंग: काजळी धरण्याआधी

चीनमधील तुन्हुआंगची मोगाओ लेणी सगळ्या बौद्ध जगाचा ठेवा आहेत. १९०० मध्ये तिथे एका बंद कोठडीत हजारो हस्तलिखिते सापडली. १९०७ मध्ये ऑरेल स्टाइनने आणि १९०८ मध्ये पॉल पेलिओने त्यातील पुष्कळ हस्तलिखिते युरोपात नेली. इ. स. ८६८ ची तारीख असलेले छापील वज्रसूत्र आज लंडनमध्ये आहे ते यामुळेच. पण पेलिओबरोबर शार्ल नुएत नावाचा छायाचित्रकार होता. त्याने लेण्यांचे पद्धतशीर फोटो काढले आणि ते १९२० च्या दशकात सहा खंडांत छापले गेले. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीलाच रशियातून पळून आलेले सैनिक या लेण्यांत ठेवले गेले. त्यांच्या चुलींच्या धुराने काही भित्तिचित्रे काळी पडली. त्याआधी चित्रे कशी होती हे नुएतच्या फोटोंवरून कळते.

१९४३-४४ मध्ये जेम्स आणि ल्यूसी लो या चिनी दांपत्याने लेण्यांचे अडीच हजारांहून अधिक फोटो काढले. यावेळी कॅमेरा चिनी माणसांच्या हातात होता. बाहेरून आलेला प्रवासी कधी नोंद करतो, कधी वस्तू उचलून नेतो, कधी दोन्ही करतो. आपला वारसा आपणच टिपला, तर हा प्रश्नच उद्भवत नाही.

वडिलांच्या निगेटिव्ह आणि मुलीचे प्रश्न

शेवटचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. त्सेरिंग वोसेर या तिबेटी लेखिकेचे वडील चिनी सैन्यात अधिकारी होते. त्यांना फोटोची आवड होती. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात ल्हासात काय घडले ते त्यांनी टिपले: जोखांग विहारात फोडलेल्या मूर्ती, जाळलेले ग्रंथ, गळ्यात पाट्या अडकवून अपमानित केलेले भिक्खू आणि सरदार, आणि भोवती ओरडणारी गर्दी. त्या गर्दीत तिबेटीही होते.

१९९१ मध्ये वडील वारले. निगेटिव्ह घरात होत्या. वोसेर यांनी ते फोटो घेऊन ल्हासातील वयस्कर माणसांना गाठले. हा कोण? ही कोण? हे कोणत्या चौकात घडले? सत्तरहून अधिक लोकांशी त्या बोलल्या. काहींनी स्वतःला ओळखले, काही रडले, काहींनी नाव सांगू नका म्हटले. २००६ मध्ये तैवानमध्ये त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. ल्हासातील त्या दिवसांचा एवढा सविस्तर दृश्य पुरावा दुसरीकडे नाही. पुढे वोसेर यांनी वडिलांचाच कॅमेरा घेऊन त्याच जागांचे पुन्हा फोटो काढले.

इथे समाजशास्त्रातील एक साधी गोष्ट लक्षात येते. फोटो स्वतःहून बोलत नाही. तो समोर ठेवून कोणीतरी विचारावे लागते, आणि उत्तर देणारी माणसे जिवंत असेपर्यंतच विचारता येते.

आपण काय करायचे?

सातव्या शतकात ह्युएन त्संग चीनहून भारतात आला. त्याच्याजवळ कॅमेरा नव्हता, पण कुठून कुठे किती अंतर, कुठे किती विहार, हे त्याने लिहून ठेवले. महाराष्ट्राबद्दल लिहिताना त्याने डोंगरात कोरलेल्या एका विहाराचे वर्णन केले आहे, जे अजिंठ्याशी जुळते. एकोणिसाव्या शतकात अलेक्झांडर कनिंगहॅमने त्याचेच वर्णन हातात घेऊन अनेक बौद्ध स्थळे शोधली. प्रवाशाने नीट केलेली नोंद बाराशे वर्षांनी कामाला आली.

अजिंठ्याचा अनुभव उलटही आहे. रॉबर्ट गिलने अनेक वर्षे खपून अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती रंगवल्या. त्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ठेवल्या आणि १८६६ च्या आगीत बहुतेक जळाल्या. एकाच ठिकाणी ठेवलेली नोंद सुरक्षित नसते.

यातून आपल्या कामासाठी काही गोष्टी निघतात. लेणी पाहायला जाल तेव्हा स्वतःच्या फोटोबरोबर शिलालेखाचा, तुटलेल्या खांबाचा, भेगेचा आणि अतिक्रमणाचाही फोटो काढा. शेजारी मोजपट्टी किंवा नाणे ठेवा, पण शिलालेखावर खडू घासू नका. चित्रांवर फ्लॅश मारू नका. घरी आल्यावर लेणे क्रमांक, तारीख आणि काढणाऱ्याचे नाव लिहा. पुढच्या वर्षी त्याच जागेवरून पुन्हा काढा. प्रती दोन-तीन ठिकाणी ठेवा.

तिबेट, लडाख किंवा आणखी कुठे जाल तेव्हा माणसांना विचारून फोटो काढा आणि त्यांचे नाव विचारा. पण तिबेटमधील माणसाचा चेहरा इंटरनेटवर टाकण्याआधी दहा वेळा विचार करा. तिथे १९९० च्या दशकाच्या मध्यापासून दलाई लामांचा फोटो ठेवण्यावर बंदी आहे. आपण हौसेने टाकलेला फोटो त्या माणसावर बेतू शकतो. काही नोंदी जपून ठेवायच्या असतात, पसरवायच्या नसतात.

आणि सगळ्यात तातडीचे काम घरातले आहे. वस्त्यांमध्ये काम करताना अनेक घरांच्या भिंतींवर, पेट्यांमध्ये जुने फोटो दिसतात: १९५६ च्या धम्मदीक्षेनंतरच्या सभा, पहिले विहार, समता सैनिक दलाचे संचलन, पहिली बौद्ध लग्ने. बहुतेक फोटोंमागे काहीच लिहिलेले नसते. त्यात कोण उभे आहे हे ओळखणारी पिढी आज ऐंशीच्या पुढे आहे. वोसेर यांनी ल्हासात जे केले, ते करायला आपल्याला ना परवानगी लागते, ना भीती आहे. लागतो एक मोबाइल, एक वही आणि रविवारची दुपार. फोटो आजीसमोर ठेवा, बोट ठेवून विचारा, ती सांगेल ते लिहून घ्या. हे काम या वर्षी झाले नाही, तर पुढच्या वर्षी सांगणारे कमी झालेले असतील.